एका कानाचा निकाल

बाइंडरकाकांना साठ वर्षांत कुणी कधी मत विचारलं नव्हतं. फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे घालणाऱ्या माणसाला विचारायचं तरी काय? पाठ शिवा, खळ लावा, दाबाखाली ठेवा आणि चला घरी. त्यामुळे निवृत्तीनंतर वाचनालयाच्या माडीवरच्या श्रोता मंडळाने त्यांना एकदम परीक्षक करून टाकलं, तेव्हा काकांनी दोन नवे शर्ट शिवून घेतले.

झालं होतं असं, की कुणा सद्गृहस्थाने वाचनालयाला आपला रेकॉर्डींचा संग्रह देऊन टाकला होता. सगळ्या साठेक वर्षांपूर्वीच्या, स्टिरिओ नवीन होतं त्या काळच्या. संगीत सगळं मोठ्या वाद्यवृंदांचं, एकोणिसाव्या शतकातलं, रोमँटिक. म्हणजे ज्यात वादळ झाल्याशिवाय कुणी प्रेमात पडत नाही आणि प्रेमात पडलेला कुणी धड जगत नाही. एकेका सिम्फनीची पाच-पाच ध्वनिमुद्रणं आणि जागा फक्त एका कपाटाची. तेव्हा प्रत्येक सिम्फनीची सगळ्यात चांगली रेकॉर्ड ठेवायची आणि बाकीच्या खोक्यात टाकायच्या, असं ठरलं. खोकं महिनाअखेरीस रद्दीत जायचं.

काका आले होते रेकॉर्डींची फाटकी पाकिटं चिकटवायला. पाकिटांबरोबर रेकॉर्डी घरी नेऊन ऐकायचे. एकदा मंडळी एका ध्वनिमुद्रणावरून हमरीतुमरीवर आली असताना काकांनी हातातला ब्रशही खाली न ठेवता सांगितलं, की यात दुसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनी पहिलीच्या किंचित मागे पडतात आणि डबल बासवाल्यांपैकी एकजण जोरात श्वास घेतो. पुन्हा लावून पाहिलं तर खरंच. त्या दिवसापासून काका म्हणतील ती पूर्व दिशा.

आता आतली गोष्ट. नऊ वर्षांचे असताना गालगुंडाने काकांचा डावा कान कायमचा गेला होता. आणि स्टिरिओ ऐकायला तर दोन कान लागतात. पण त्या काळचे ध्वनिमुद्रकही नव्या खेळण्यावर इतके खूश होते, की व्हायोलिनी पार डाव्या भिंतीला आणि चेलो, डबल बास ही खर्जातली वाद्यं पार उजव्या भिंतीला नेऊन बसवायचे. काका घरी उजव्या स्पीकरवर काकूंची जाड रजई टाकून सगळी सिम्फनी एकदा ऐकायचे. मग रजई डाव्यावर टाकून पुन्हा ऐकायचे. दोन्ही अर्धुकं डोक्यात जोडून घेतली की निकाल तयार. असा मेहनतीने ऐकणारा माणूस दोन धडधाकट कानांच्या लोकांत सापडणं कठीणच. काकूंची तक्रार एवढीच होती, की या घरात थंडी वाजली तर आधी सिम्फनी संपायची वाट बघावी लागते.

मंडळात मात्र काकांनी कानाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. एका कानाच्या माणसाला स्टिरिओचा परीक्षक कोण ठेवील? पुन्हा पाकिटं चिकटवत बसायची कल्पनासुद्धा त्यांना सोसत नव्हती.

अशी सहा वर्षं सुखात गेली. मग कुणीतरी एक रेकॉर्ड घरून ओरखडे पाडून आणली आणि ग्रंथपालबाईंनी फतवा काढला: यापुढे रेकॉर्ड इमारतीबाहेर जाणार नाही. रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून एकदाच ऐकायची आणि काकांनी तिथल्या तिथे निकाल द्यायचा.

 रविवारी काका तासभर आधी जाऊन मधली खुर्ची पकडणार होते, पण बाईंनी त्यांच्यासाठी खास गादीची खुर्ची मांडून ठेवली होती, तीही उजव्या स्पीकरला खेटून. काका ती सरकवायला गेले, तर दातांच्या डॉक्टरांनी धावत येऊन, तुम्ही कशाला त्रास घेता, म्हणत त्यांना दंडाला धरून तिथेच बसवलं. हे डॉक्टर म्हणजे काकांचे पहिल्या नंबरचे भक्त. मागच्या बाकावर शिवणकाम करणाऱ्या मावशी बसल्या होत्या. त्या दर रविवारी यायच्या आणि कधीच काही बोलायच्या नाहीत.

सिम्फनी सुरू झाली. काकांच्या उजव्या कानात डबल बास असे घुमले, की शेजारच्या खोलीत कुणी कपाट सरकवतंय असं वाटावं. व्हायोलिनी मात्र कुठेतरी जिन्याखाली बसून वाजवत असाव्यात. काकांनी मान वळवली, वाकवली, खोकल्याचं निमित्त करून उठूनही पाहिलं. काही उपयोग झाला नाही. रेकॉर्ड संपली आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले. मला नीट ऐकू आलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण सहा वर्षांचा मान आडवा आला.

"व्हायोलिनी फिक्या आहेत," काका म्हणाले. "खोक्यात टाका."

डॉक्टर लगेच म्हणाले, की त्यांना तर पहिल्या मिनिटापासून फिक्या वाटत होत्या. बाईंनीही मान डोलावली आणि निकालाच्या कार्डावर तसं लिहून घेतलं. मावशी नुसत्या डोळे पुसत होत्या. ते डोळे काकांना खुपले.

खोक्यातल्या रेकॉर्डीला फतवा लागू नव्हता. काकांनी ती काखोटीला मारली, घरी आणली आणि उजव्या स्पीकरवर रजई टाकली. संथ भागात व्हायोलिनी सुरू झाल्या आणि काका खुर्चीत ताठ झाले. इतक्या मऊ, इतक्या एकजीव व्हायोलिनी त्यांनी सहा वर्षांत ऐकल्या नव्हत्या. या रेकॉर्डीला त्यांनी फिकी म्हटलं होतं. त्यांना स्वतःची चांगलीच लाज वाटली.

काकूंना त्यांनी सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं, की रेकॉर्ड गुपचूप घरीच ठेवू, कुणाला कळणार आहे?

"म्हणजे तिथे बेकार रेकॉर्ड राहणार आणि लोक तीच चांगली समजणार," काकू म्हणाल्या. "वर तुमचं नाव."

"खरं सांगितलं तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, एका कानाने बहिरे आहेत. खोटं आहे का?"

पुढच्या रविवारी काका रेकॉर्ड घेऊन गेले खरे, पण जिना चढता चढता त्यांच्या धैर्याने काढता पाय घेतला. माडीवर पोहोचल्यावर तोंडातून निघालं ते भलतंच. मागच्या वेळी मशीनची सुई बोथट झाली होती, ते म्हणाले, म्हणून निकाल चुकला.

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. "मला सुईचा संशय आलाच होता."

बाईंनी नव्या सुईसाठी अर्ज लिहायला कागद ओढला. तो कागद बघून काकांचं टाळकंच सरकलं.

"सुई ठणठणीत आहे," ते म्हणाले. "मी नऊ वर्षांचा असल्यापासून माझा डावा कान बंद आहे. त्या खुर्चीत बसून मला व्हायोलिनी ऐकूच आल्या नाहीत. पण तुमचे तर दोन्ही शाबूत होते ना? तुम्हाला काय झालं होतं?"

बाईंनी अर्जाच्या कागदाची घडी घालून टाकली. मग मागच्या बाकावरून मावशी बोलल्या, इतक्या हळू की काकांना त्यांच्याकडे उजवा कान करावा लागला.

"मला आल्या होत्या ऐकू. मी रडत होते. तुम्ही फिक्या म्हणालात, तेव्हा वाटलं, आपल्यालाच यातलं काही कळत नाही. मी यायचंच बंद करणार होते. आज फक्त वर्गणीची पावती परत द्यायला आले."

आपला कान कळला तर लोक हसतील, एवढीच भीती काकांना इतकी वर्षं होती. आपल्यापायी कुणी स्वतःच्या कानांवरचा विश्वास घालवून बसलंय, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना एकदम थकल्यासारखं झालं. ते मावशींच्या शेजारी बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, की माझं चुकलं. पावती परत घेतली जाणार नाही, हेही त्यांनी बाईंना न विचारता सांगून टाकलं.

मग रेकॉर्ड पुन्हा लावली. संपल्यावर सवयीने सगळे काकांकडे वळले, पण काकांनी कार्ड मांडीवर घेऊन पेन उघडलं आणि आज आधी दुसऱ्यांनी बोलायचं, असं जाहीर केलं. मावशींनी चार वाक्यं सांगितली. काकांनी ती लिहून घेतली. मग पाळी आली डॉक्टरांची. दिवसभर दुसऱ्यांना आ करायला लावणाऱ्या डॉक्टरांचं स्वतःचं तोंड काही उघडेना. त्यांनी चष्मा पुसला, काकांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

"खरं सांगू का?" ते शेवटी म्हणाले. "व्हायोलिनी छान आहेत, पण ही सिम्फनीच मला कंटाळवाणी वाटते. सहा वर्षांपासून."

ती काकांची सगळ्यात लाडकी सिम्फनी होती. त्यांच्या कानशिलाची शीर उडू लागली, मावशींनी घाबरून पदर तोंडाला लावला आणि बाई पाणी आणायला उठल्या. काकांनी मात्र डॉक्टरांचं म्हणणं कार्डावर शब्द न् शब्द उतरवलं आणि मान वर करून विचारलं, "कंटाळवाणी नेमकी कुठे?"