आप्पांची ‘शी’

आप्पांच्या आधी त्यांचा वास घरात यायचा. ओल्या लोकरीचा, तंबाखूचा, आणि मेंढरांच्या अंगाला लागून वर्षानुवर्षं मुरलेल्या आणखी कशाचा तरी. जिन्यात तो वास आला की मी घाईघाईने खिडक्या उघडायची. शिक्रापुरात खिडकी उघडली की गटाराचा वास आत येतो, ही गोष्ट वेगळी. त्याची मला सवय होती.

आप्पा म्हणजे माझे सासरे. राहायचे खुटबावला. लहानपणी बापामागे मेंढरं घेऊन हिंडले, पुढे जमीन धरली, ऊस लावला, मेंढरं विकली. घोंगडी तेवढी ठेवली. काळी, जाड, कडेला विटलेली. माझ्या लग्नापासून ती धुतलेली मी एकदाही पाहिली नव्हती. मी एकदा विचारलंही. “घोंगडं धुवून कुनी ऱ्हातं व्हय?” म्हणाले, आणि तंबाखू मळायला लागले.

अशा माणसाला मी आपणहून फोन करून बोलावलं, कारण माझं नाक दाबलं गेलं होतं. माझी लेक स्वरा वर्षाची झाली आणि मी कंपनीत परत रुजू झाले. नवऱ्याची पहिली पाळी, तो उजाडायच्या आत घराबाहेर. पाळणाघर हायवेच्या पलीकडे. पावसात आमच्या गल्लीतल्या चिखलात रिक्षावाले येत नाहीत, म्हणून बाबागाडी. तिच्यावर घालायला मी ऑनलाइन प्लास्टिकचं कव्हर मागवलं. चौकात पोचेपर्यंत त्याच्या आत वाफ धरायची, पोर घामाने निथळायची, किंचाळायची आणि प्यायलेलं दूध ओकायची. तापलेलं प्लास्टिक आणि आंबलेलं दूध, तो वास अजून नाकातून गेलेला नाही. पाळणाघराच्या बाईंनी एक दिवस दारातच सांगितलं, “ताई, ओली आणि रडून लाल झालेली पोर मी आत घेणार नाही. बाकीची आजारी पडतात.” तिकडे सुपरवायझर म्हणाला, आता उशीर झाला तर घरीच बसा. एकदा घरी बसले की मला परत कुणी बाहेर पडू देणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

पोरीला पाळणाघरात पोचवायला आप्पा आले ते घोंगडी घेऊनच. बाबागाडीकडे त्यांनी अशा काही नजरेने पाहिलं की माझीच मला लाज वाटावी.

“हे काय? पोरीला फ्रीजमदल्या भाजीवानी गुंडाळलंय. उकडून मरंल की ती!”

प्लास्टिक ओढून त्यांनी चपलांच्या स्टँडवर फेकलं. घोंगडीचं एक टोक आत दुमडून खोळ केली, पावसात मेंढक्या डोक्यावर घेतो तशी, आणि ती गाडीच्या टपावर चढवली.

“शी! आप्पा, ती घाण पोरीच्या तोंडावर?”

“तोंडावर कुठं? डोक्यावर हाय. तोंड उघडंच हाय बघ.”

“मग पाऊस आत जाईल ना.”

“मी हाय की म्होरं.”

असं म्हणून त्यांनी गाडी उलटी फिरवली, दांडा पाठीमागे धरला आणि ओढत निघाले. पाऊस, वारा, ट्रकनी उडवलेलं गटाराचं पाणी, सगळं त्यांच्या अंगावर. पोर त्यांच्या पाठीआड, मागे पडलेला रस्ता बघत. आपण आहोत हे तिला कळावं म्हणून ते वाटभर मेंढरं हाकल्यासारखं “हुर्रऽ हुर्रऽ” करायचे. लोक हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण स्वरा पाळणाघरात कोरडी पोचायची, तीही हसत. केसांना मात्र मेंढराचा वास यायचा. मी रोज संध्याकाळी शाम्पूने तिचं डोकं धुवायची.

आणि त्यांच्या त्या सवयी! पोर कोरडी आहे का हे बघायला ते सरळ तिच्या डायपरमध्ये हात घालायचे, मग बोटं नाकाशी नेऊन हुंगायचे आणि जाहीर करायचे, “कोरडी हाय.” तिचं नाक बोटाने पुसून बोट धोतराला. मी रुमाल द्यायची, तो त्यांच्या खिशात घडी न मोडता राहायचा. “कोकरू वलं झालं तर सांगतंय का? हातानंच बघावं लागतं,” हे वर मलाच. मला शिसारी यायची. आजही येते.

दिवसातून कितीदा मी त्या घोंगडीला ‘शी’ म्हणत असेन कोण जाणे. परिणाम असा झाला की स्वराचा पहिला शब्द ‘आई’ नव्हता. घोंगडीकडे बोट दाखवून ती म्हणाली, “शी.” तिला वाटलं, ते नावच आहे. पाळणाघरात झोप आली की ती घोंगडी मागायची, आणि बाई तिला उचलून पॉटीवर बसवायच्या. शेवटी बाईंनी तक्रार केली, “दिवसभर शी-शी करते आणि करत काहीच नाही. डॉक्टरला दाखवा.” हे ऐकून आप्पा खोकला लागेपर्यंत हसले. त्याच घोंगडीला डोळे पुसत म्हणाले, “सूनबाई, नाव लई ब्येस ठिवलंस!”

या उन्हाळ्यात खुटबावला गेलेले असताना आप्पा वारले. झोपेतच. तिसऱ्या दिवशी चुलत सासऱ्यांनी त्यांचे कपडे आणि घोंगडी यांचं गाठोडं बांधलं, नदीत सोडायला. आमची ती नदी म्हणजे काळं पाणी आणि वर फेस. स्वराने गाठोडं पाहिलं आणि धावत सुटली. “शी! शी!” करून टाहो फोडला.

“अगं, पोरीला शी लागलीया, घ्या तिला!” आत्याबाई ओरडल्या. एकीने तिला उचललं, दुसरी तांब्या घेऊन घरामागे धावली. पोर पाय झाडत होती, आणि अख्खं अंगण तिला कुठे बसवायचं ते शोधत होतं. तिला काय हवंय ते एकट्या मला कळत होतं. मी उठले आणि सगळ्या वडीलधाऱ्यांदेखत गाठोडं सोडलं.

“मेलेल्या मानसाचं घोंगडं घरात ठिवत न्हाईत, पोरी,” चुलत सासरे म्हणाले.

“ही नाही सोडायची. ही स्वराची आहे.”

घोंगडी छातीशी धरली तसा तो वास नाकातोंडात भरला. आणि आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा मी धाय मोकलून रडले.

आता पुन्हा चिखलाचे दिवस आलेत. गाडी मीच उलटी ओढते. टपावर घोंगडीची खोळ, आत स्वरा, पाय बाहेर लोंबतात. ट्रकवाले माझ्यावर घाण उडवतात आणि मी “हुर्रऽ” करते. लोक हसतात.

काल घोंगडी घरात वाळत टाकली होती. स्वराने तिच्यात नाक खुपसलं, बराच वेळ ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“आई, आप्पांची शी गेली.”

मीही वास घेतला. डिझेलचा येत होता, गटाराचा येत होता, स्वराच्या शाम्पूचाही येत होता. मी उठून खिडक्या लावून घेतल्या आणि घोंगडीचा कोपरान् कोपरा हुंगत बसले.