सुनयनाताईंचं ब्रोमीन

सुनयनाताई देवस्थळींचा विश्वास फक्त मशीनवर होता, आणि तोही अर्धाच. दिल्लीत, आर. के. पुरममधल्या नवऱ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या दूध हुंगल्याशिवाय तापवत नसत, आणि फरीदाबादच्या खाजगी प्रयोगशाळेत दुसऱ्याने धुतलेली बाटली पुन्हा धुवत. लोक पाठीमागे हसत. हसोत बापडे! सतरा वर्षांत त्यांच्या सहीचा एकही अहवाल परत आला नव्हता.

मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन करणाऱ्या मशीनच्या आलेखावरची शिखरं पाहून पदार्थ ओळखणं हे त्यांचं काम. क्लोरीनचे हलके अणू तीन असतील तर जड एक. म्हणून आलेखावर एक उंच शिखर आणि दोन घरं पुढे त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं दुसरं. ब्रोमीनमध्ये हलके-जड निम्मे निम्मे, म्हणून दोन्ही शिखरं सारखी. "जोडी बघा," ताई नव्यांना सांगत, "जोडी खोटं बोलत नाही."

मार्चमध्ये पानिपतच्या एका गिरणीतून लहान मुलांच्या ब्लँकेटचा नमुना आला. परदेशी गिऱ्हाइकाला त्यात ब्रोमीनचं आगरोधक रसायन नको होतं. तपासणी मानस जगदाळेने केली. कँटोन्मेंटमध्ये वाढलेला सुभेदाराचा मुलगा, नोकरीत पाचवं वर्ष, घरी दोन महिन्यांची लेक. त्याने लिहिलं: ब्रोमीन नाही, क्लोरीनचा पदार्थ आहे.

नेमकं त्याच दिवशी ताईंनी त्याला कँटीनमध्ये गिरणीच्या मॅनेजरबरोबर चहा पिताना पाहिलं होतं. शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी त्याची वही उघडली. नमुना पन्नास पट पातळ करून चालवला, अशी नोंद. पातळ कशाला? लपवायलाच, दुसरं काय!

ताईंनी नमुना पातळ न करता, होता तसा घट्ट चालवला. नुसत्या वजनावरून पदार्थ क्लोरीनचाही असू शकत होता आणि ब्रोमीनचाही, निकाल जोडीच देणार होती. पडद्यावर दोन शिखरं उभी राहिली, अगदी सारख्या उंचीची. ब्रोमीन! खरं सांगायचं तर ताईंना आनंदच झाला.

त्या तडक प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, दीनानाथ सरांकडे गेल्या.

"मॅडम, पक्का है ना?"

"बिल्कुल, सर."

मानसला बोलावलं. त्याचा चेहरा उतरला. "ताई, नमुना फारच घट्ट होता, म्हणून पातळ केला. आणि तो मॅनेजर माझ्या टेबलावर येऊन बसला. मी काय उठून जायचं होतं?"

कुणी ऐकलं नाही. सरांनी त्याचं ओळखपत्र काढून घेतलं आणि त्याला घरी पाठवलं. संध्याकाळपर्यंत ताईंची अहवालावर सही झाली की त्याची नोकरी जाणार होती.

सही करायला बसल्या, पण सवय जाते कुठे? आलेख पुन्हा काढला. दोन मोठ्या शिखरांच्या मधे एक छोटं होतं, कार्बनच्या जड अणूंचं. पदार्थात कार्बनचे अणू बारा, म्हणजे ते पहिल्या शिखराच्या आठव्या हिश्शाच्या आसपास हवं. इथे तर तिसऱ्या हिश्शाहून मोठं! एवढा कार्बन आणायचा कुठून?

ताईंच्या लक्षात आलं. छोटं वाढलं नव्हतं, मोठंच कापलं गेलं होतं. त्यांनी पहिलं शिखर मोठं करून पाहिलं. माथा सपाट होता. मापटं भरलं की वर ओतलेलं सांडतं, तसं घट्ट नमुन्याने मशीनचं माप ओसंडलं होतं. म्हणून थोरलं पहिलं शिखर धाकट्या दुसऱ्याएवढं दिसलं.

त्यांनी नमुना पन्नास पट पातळ करून पुन्हा चालवला. तीनास एक. क्लोरीन.

सरांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, ताईंनी चूक कबूल केली आणि मानसला फोन केला. दुसऱ्या दिवशी तो आला.

"मानस, चुकलं माझं. मी तुझ्यावर नको तो संशय घेतला."

"चलो ताई, झालं ते झालं," तो म्हणाला. मग त्याने एक खुर्ची ओढून आपल्या टेबलाशी ठेवली. "जरा बसा. मी नमुना पातळ करतोय, तेवढं बघा आणि वहीत सही करा. यापुढे रोज."

तो रागावला असता, ओरडला असता तर ताईंना बरं वाटलं असतं. त्या बसल्या, पाहिलं, सही केली.

मानसने वही ओढून घेतली, सही नीट निरखली आणि पुन्हा पुढे सरकवली. "वेळही लिहा, ताई."