हातातून काढून घेतलेला कागद

दुकानाच्या दलालाने मला फसवलं, असं आमच्या लिंबायत वस्तीत सगळे म्हणतात. चूक. मला फसवलं ते भूमितीच्या सरांनी. आठवीत, भर वर्गात.

फळ्यावर त्यांनी उलगडलेला खोका काढला होता. एकमेकांना चिकटलेले सहा चौकोन. खोका बंद केला तर फुली मारलेल्या चौकोनासमोर कोणता येईल, सांग, मला म्हणाले. मी वहीचं पान फाडून घड्या घालायला लागले. आमच्या घरी वडील लूमवर कापड विणायचे, आणि आई व मी साड्यांना घड्या घालायचो. कोणती बाजू वर येणार ते मला कापड हातात धरलं की कळायचं. सरांनी पान ओढून घेतलं, चुरगाळून खिडकीबाहेर टाकलं.

"हात लूमवर चालतात. इथे डोकं लागतं."

घाबरून माझ्या तोंडून घरची बोली निघाली. "सर, मना हातले समजस." माझ्या हाताला समजतं, एवढंच म्हणायचं होतं. सर पुण्याकडचे. त्यांनी माझं वाक्य माझ्याच हेलात वर्गाला म्हणून दाखवलं. आमचीच पोरं हसली. त्यांच्या घरीही तेच बोलत.

त्यानंतर फळ्यावर आकृती आली की मला घाम फुटायचा. समोर रेषा, कानात ते हसणं. मी बघणंच सोडलं. बघत नाही म्हणून येईना, येईना म्हणून आणखी भीती. येत असलेले पाढेही सरांसमोर पळायचे. दहावीला गणितात नापास. शाळा संपली.

पुढे मी साड्यांचा धंदा उभा केला. भाव करताना माझ्यापुढे भलेभले शेठ टिकत नाहीत. तोंड तिखट आहे, मान्य. पण नव्वदनंतर रिंग रोडला नवं मार्केट उभं राहत होतं, तिथे दुकान घ्यायला गेले आणि गुजराती दलालाने टेबलावर नकाशा पसरला. हे बघा, हे तुमचं दुकान, म्हणाला.

"जुओ बेन, आ तमारी दुकान."

रेषा. चौकोन. जिना कुठे, दरवाजा कुठे, काही कळेना. विचारलं तर शेजारी बसलेले व्यापारी हसतील. नाही विचारलं. सही केली. दुकान निघालं जिन्यामागे, तोंड भिंतीकडे. तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही.

गेल्या आठवड्यात माझी मुलगी शाळेतून रडत आली. तीच शाळा, तेच सर, तोच खोका. तिचाही कागद काढून घेतला होता.

मी शाळेत गेले. वाटभर बोलणं घोकलं होतं. फळ्यावरची आकृती दिसली आणि घोकलेलं सगळं पळालं. बाजारात कुणाचं न ऐकणारी मी, दारात नुसती उभी. सरांनी ओळखलंही नाही.

"काय काम आहे, बाई?"

मी आत गेले. मुलीच्या बाकावर कोरा कागद ठेवला.

"ती घडी घालून बघणार. या कागदाला हात लावायचा नाही."

सर हसले, काही पोरंही हसली. तिची शेवटची घडी पडेपर्यंत मी तिथून हलले नाही.

मला तो खोका आजही डोक्यात बंद करता येत नाही. आता येणारही नाही. दलालाचं मी बघून घेईन. पण सर, माझ्या हातात कागद होता, मला समजत होतं. तो का घेतलात? मी रोज त्या दारात येऊन उभी राहणार आहे. उत्तर द्या.