दुसऱ्या गोळ्यांची दुपार

मुलगी सात महिन्यांची असताना मला पुन्हा दिवस गेले. आम्ही तेव्हा लातूरला राहत होतो. नवरा एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. आमच्या गल्लीत घराघरांत बाहेरगावची पोरं ठेवलेली; उजाडायच्या आत त्यांच्या सायकली निघायच्या.

मला आनंद झाला होता. हे आधी सांगते, कारण नंतर ते मला कुणीच विचारलं नाही. भूकंपात आई आणि दोन्ही भाऊ गेले तेव्हा मी चौथीत होते. मी आजोळी गेले होते म्हणून वाचले. पुढं किती वर्षं वडील आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये समोरासमोर बसून, न बोलता जेवायचो. आपल्या घरात पोरं भरपूर असावीत, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

पण मुलीच्या वेळी बीपी वाढून मला झटके आले होते. सिझर करून दोघींना कसंबसं वाचवलं होतं. डॉक्टरबाईंनी नवे रिपोर्ट बघितले आणि चष्मा काढून ठेवला.

"किडनी अजून सावरलेली नाही तुझी. ठेवायचं म्हणालीस तर मी जिवापाड जपेन. पण तू धड राहशील असं सांगू शकत नाही. निर्णय तुझा."

नवरा म्हणाला, "मला तू पाहिजेस." एवढंच. मुलगी त्याच्या खांद्यावर झोपली होती. मी तिच्याकडं बघत राहिले आणि नको म्हणाले.

पहिली गोळी बाईंच्या समोरच घेतली. बाकीच्या गोळ्या दोन दिवसांनी घरी घ्यायच्या होत्या. बाईंनी मला नीट बसवून सांगितलं, "कळा येतील, रक्त पाळीपेक्षा जास्त जाईल, गाठी पडतील. थंडी वाजेल, मळमळेल, त्या दिवशी जरा कणकणही येईल. त्याला घाबरू नको. पण तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले आणि सलग दोन तास तसंच चाललं, तर वाट बघायची नाही. चक्कर आली, दुखण्याची गोळी घेऊनही पोट दुखायचं थांबलं नाही, ताप दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, घाण वास यायला लागला, तरी निघून यायचं. आणि रक्त गेलंच नाही, तरीसुद्धा यायचं."

मुलीला सांभाळायला सासूबाई नायगावकडच्या खेड्यातून आल्या. त्यांना मी मामी म्हणायचे. गोळ्या घेतल्यावर दुपारी कळा सुरू झाल्या. मी भिंतीला पाठ लावून बसले. मामींनी गरम पाण्याची पिशवी आणून दिली, मुलीला घेऊन बाहेरच्या खोलीत गेल्या. मग मोरीत बसले असताना गाठी पडल्या. त्यांतली नेमकी कोणती ते मला कळलं नाही. मी थोडा वेळ बघत बसले. मग पाणी टाकलं.

कळा थांबल्या, पण रक्त थांबेना. एकामागून एक पॅड भिजून गेले. मी मामींना हाक मारली.

"बाईच्या जातीला रक्त चुकतंय का? पडून ऱ्हा जरा," त्या बाहेरूनच म्हणाल्या. "लोकायला कशाला कळू द्यायचं?"

मी पडून राहिले. आणखी एक तास तसाच गेला. पाणी प्यायला उठले तर डोळ्यांपुढं अंधारी आली, भांडं खाली पडलं. आवाज ऐकून मामी आत आल्या. त्यांनी माझी साडी बघितली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"चल ऊठ. कळू दे कुणाला कळायचं ते."

नवऱ्याचा फोन बंद. बॅच चालू होती. मामींनी मुलगी शेजारणीकडं दिली, रस्त्यावर उभं राहून ऑटो थांबवला. दवाखान्यापर्यंत माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. अर्ध्या रस्त्यात त्या हळूच म्हणाल्या, "माझं बी एक गेलतं. चौथ्या महिन्यात. दुसऱ्या दिवशी कापूस येचायला गेले मी. कुणी इचारलंबी न्हाई."

मी त्यांचा हात धरला. 

आत थोडा भाग राहिला होता. बाईंनी पिशवी साफ केली, सलाईन लावलं. मी शुद्धीत आल्यावर म्हणाल्या, "असं थोड्याजणींना होतं. तुझं काही चुकलं नाही. आलीस ते बरं केलंस."

"मुलगा होता का मुलगी?" मी विचारलं.

"इतक्यात कळत नसतं गं," त्या म्हणाल्या आणि माझ्या केसांवरून हात फिरवला.

नवरा आला तेव्हा त्याच्या बोटांना खडू लागलेला होता. तो कॉटजवळ उभा राहिला आणि एकदम हुंदके द्यायला लागला. मला रडू येत नव्हतं. मला त्याचा राग आला, आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं.

थोडं थोडं रक्त पुढं पंधरा-वीस दिवस जात राहिलं. तपासणीला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे. पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात, जपा. आम्ही तांबी बसवून घेतली. किडनी सावरली की बघू, असं दोन-तीन वर्षं म्हणत राहिलो. मग म्हणायचंही थांबलो.

मुलगी आता अकरावीला आहे. मध्ये एकदा जेवताना म्हणाली, "आई, मला एखादा भाऊ-बहीण असतं तर किती बरं झालं असतं ना?"

"भाजी घे अजून," मी म्हणाले, आणि उठून आत गेले.