मोडलेल्या रांगा

मुलीला आणायला शाळेत थोडा लवकर पोचलो की समूहगानाची तालीम पाहायला मिळते. मला मोजायची सवय आहे. तीन रांगा, प्रत्येक रांगेत आठ मुली, सगळ्यांचे हात अंगाशी चिकटलेले. काल सातपुड्यातल्या पावरी बोलीतलं गाणं चालू होतं. धडगावहून आलेल्या रोशनीनं ते सगळ्यांना शिकवलं होतं आणि सुरुवातही तिनंच करायची होती. पण तिचा आवाज निघेना.

"घाबरतेस कशाला?" गाण्याच्या बाई म्हणाल्या. "असंच चाललं तर सुरुवात दुसरीला द्यावी लागेल."

"घाबरत नाही, बाई. असं उभं राहून हे गाणं येतच नाही."

"मग कसं येतं?"

"एकमेकींच्या कमरेत हात घालून, गोलात चालत चालत."

"गायचंय की नाचायचंय गं?" मागून कुणीतरी हसलं.

बाई पुढे आल्या. "मोडा रांगा," त्या म्हणाल्या आणि स्वतःही मुलींमध्ये शिरल्या. त्यांचं पहिलंच पाऊल चुकलं.

"बाई, डावा पाय!" रोशनी ओरडली, आणि त्याच दमात तिनं गाणं उचललं. तो आवाज खिडक्यांतून थेट मैदानापर्यंत गेला. मागून हसणारी आता सगळ्यांत मोठ्यानं गात होती.

आपण दुसऱ्याचं गाणं हौसेनं घेतो, शब्द पाठ करतो, आणि उभं मात्र आपल्याच पद्धतीनं राहतो. मग ते गाणं गळ्यात अडतं.

मी सवयीनं पुन्हा मोजायला लागलो. पण त्या फिरत्या गोलात पहिली कोण आणि शेवटची कोण, तेच कळेना. मोजणं सोडलं आणि दारातच ठेका धरला.