न बोलता दुरुस्त केलेली चिठ्ठी

माझी मोठी बहीण घाबरली की कपाटं आवरते. तिसऱ्या परीक्षेला तीन आठवडे उरले तोवर माझ्या घरात आवरायला एकही कपाट शिल्लक नव्हतं. साखर कुठे आहे हे माझ्याच घरात मला तिला विचारावं लागत होतं.

ताईने गावी सोळा वर्षं औषधाचं दुकान चालवलं. इथे परदेशात माझ्याकडे आली आणि तिला कळलं की इथे ती फार्मासिस्ट नाहीच. पदवीचे कागद विद्यापीठाने थेट लायसन्स देणाऱ्या इथल्या मंडळाला पाठवायचे, सीलबंद, तिचा हात न लागता. त्याला अकरा महिने लागले. एक पाकीट चिकटवायला अकरा महिने! मग भाषेची परीक्षा, मग लेखी. त्या दोन्ही ती पहिल्या फटक्यात पास झाली. घोडं अडलं ते प्रात्यक्षिकाला.

प्रात्यक्षिक म्हणजे ओळीने खोल्या. प्रत्येक खोलीत सात मिनिटं. समोर पेशंटचं सोंग घेतलेला माणूस, कोपऱ्यात परीक्षक, टेबलावर डॉक्टरची चिठ्ठी आणि एक फोन. घंटा वाजली की पुढची खोली. ही परीक्षा तीनदाच देता येते आणि ताई दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली असती तर इथे तिला जन्मात लायसन्स मिळालं नसतं. लायसन्स मिळालं तरच भावजी आणि तेरा वर्षांची भाची इथे येणार होते. नाहीतर तिने परत जायचं, त्या बंद केलेल्या दुकानापाशी.

आत काय विचारलं हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी सही घेतात. त्यामुळे ती कुठे चुकते हे सांगणारंही कुणी नव्हतं. निकालावर दोन्ही वेळा एकच ओळ होती, 'रुग्णसुरक्षा असमाधानकारक'.

"मी पेशंटला कधी चुकीचं औषध दिलंय का गं?" ती मला विचारायची. मी इमारतींचे नकाशे काढते. मी काय कपाळ सांगणार?

दिवसा ती एका औषधाच्या दुकानात मदतनीस होती. पाच-पाच करून गोळ्या मोजायच्या, डबीत भरायच्या, लेबल लावायचं आणि डबी तिथल्या वरिष्ठ फार्मासिस्टपुढे तपासायला सरकवायची. ही बाई ताईपेक्षा बारा वर्षांनी लहान. पण ताईच्या प्रत्येक कामावर नजर ठेवायची, म्हणून आम्ही घरी तिचं नाव सासूबाई ठेवलं होतं.

एका गुरुवारी सासूबाईंनी एक डबी हातात घेतली आणि खाली ठेवलीच नाही. एका आजींची सांधेदुखीची गोळी होती. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर माणूस दगावू शकतो.

"लेबलवर 'आठवड्यातून एकदा' आहे. चिठ्ठीत तर रोज एक लिहिलंय."

"डॉक्टरांच्या हातून चुकलं होतं," ताई म्हणाली. "मी बरोबर करून टाकलं."

शाबासकी मिळेल अशी तिची समजूत होती. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुणाला विचारून?"

ताईला तो प्रश्नच कळला नाही. गावी डॉक्टर वरच्या मजल्यावर आणि दुकान खाली. डॉक्टर तापट. चूक दाखवायला वर गेलं की दहा पेशंटांसमोर पाणउतारा ठरलेला. मग ताई काय करायची, तर चूक पोटात घालायची आणि बरोबर औषध द्यायची. पेशंट बरा, डॉक्टर खूश. याचा तिला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर आम्हा घरच्यांनाही होता. परीक्षेच्या खोल्यांतही तिने दोन्ही वेळा हेच केलं होतं. टेबलावरच्या फोनला तिने हात लावला नव्हता.

सासूबाई चढ्या आवाजात बोलल्या नाहीत, म्हणून तर ताईची गाळण उडाली. त्या एवढंच म्हणाल्या, "हे मला मंडळाला कळवावं लागेल का, ते मी आज ठरवते. पण मला एक सांग. पुढच्या महिन्यात या आजी हीच चिठ्ठी घेऊन दुसऱ्या दुकानात गेल्या आणि तिथे तू नसलीस, तर?"

मग त्यांनी ताईला शेजारी उभं करून डॉक्टरला फोन लावला. पलीकडून आधी चिडका आवाज आला, मग डॉक्टरने नवीन चिठ्ठी पाठवली.

मंडळाला त्यांनी कळवलं नाही. डबी दुकानाबाहेर गेली नव्हती, म्हणून दुकानाच्या वहीत नोंद करून प्रकरण मिटवलं. पण ताई घरी आली ती ओळखू येत नव्हती. कपाटांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बाथरूमच्या दाराशी जमिनीवर बसून राहिली. मला वाटलं, परीक्षेची भीती. मी म्हटलं, "अगं, बरंच झालं की, आता चूक कळली. फोन उचलायचा, बस्स." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलत्याच गोष्टीबद्दल बोलत होते.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. ती बाहेर आली तेव्हा कॉलर घामाने भिजलेली. सही केली होती म्हणून काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "फोन उचलला. तो ओरडला. मी ठेवला नाही."

निकाल सहा आठवड्यांनी आला. पास. मी तिला उचलायच्या बेतात होते, पण ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मला एक सांगायचंय."

गावी एक रिटायर्ड मास्तर होते. त्यांच्या चिठ्ठीत हृदयाची गोळी वयाच्या मानाने दुप्पट लिहिलेली. ताई दर महिन्याला निम्म्या ताकदीची पट्टी द्यायची, दोन वर्षं दिली. त्यांनाही सांगितलं नाही, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनाही नाही. मग मास्तर मुलाकडे राहायला गेले.

"आणि चिठ्ठी?" मी विचारलं.

"तीच सोबत नेली," ताई म्हणाली. "त्या गुरुवारपासून मला दुसरं काही सुचत नाहीये."

भावजींना बातमी कळवायची होतीच. मी फोन लावून स्पीकरवर टाकला. निकालाचं काही बोलायच्या आधी ताईने विचारलं, "अहो, मास्तरांची काही खबर?"

"कोण, आपले मास्तर? ते गेले की. मुलाकडे गेल्यावर दोन महिन्यांतच. हृदयच बंद पडलं म्हणे. तुला बोललो नव्हतो का?" मग ते म्हणाले, "ते राहू दे. निकालाचं काय झालं?"

ताईने फोन माझ्याकडे सरकवला. पास झाल्याचं मीच सांगितलं.