नाडीच्या तोंडाशी गाठ

रूथताई गेल्याचे फोन मीच सगळ्यांना केले. तिची विद्यार्थिनी स्वाती, तिसगावची. तिला कळवलं तेव्हा रडतच म्हणाली, "मावशी, आता मला रागवायला कोन हाय?" एवढी डॉक्टरेट झालेली मुलगी, पण रडू आलं की बोली गावाकडची. मला हसू आलं, आणि मग मीही रडले. त्याला आता दीड महिना झाला.

आमची आई श्रीरामपुरात घरी परकर शिवायची. नाडी ओवायचं काम आम्हा दोघी बहिणींचं, ताईचं आणि माझं. पिन सुटू नये म्हणून मी आधी नाडीच्या टोकाला गाठ मारायची आणि त्या गाठीत पिन अडकवायची. मग ती गाठ नेफ्याच्या तोंडाशीच अडायची. "अगं म्हशे, आधी ओव, मग गाठ मार!" ताई खेकसायची. स्वतःची चूक मात्र तिला कधी दिसली नाही. परकर उलटा शिवला तरी दोष कापडाचा.

ही बाई पुढे पुण्यात विषाणूंवर संशोधन करू लागली. आमच्याकडच्या उसाच्या पानांवर फिकट पट्टे पाडणारा विषाणू तिने मुद्दाम निवडला. सुट्टीत आली की मला नाडीच हातात घेऊन समजावायची. विषाणूचा आरएनए म्हणजे ही नाडी, प्रथिन कसं बनवायचं ते हिच्यावर लिहिलेलं. पेशीतलं यंत्र एरवी टोकाकडून चढतं, सरकत सुरुवातीच्या खुणेपाशी येतं आणि तिथून वाचू लागतं. पण इथे खुणेच्या अलीकडेच नाडी स्वतःवर दुमडून गाठ झालेली. "तुझ्यासारखाच वेंधळा विषाणू," ताई म्हणायची. गाठ सोडवली की प्रथिन भराभर बनेल, हे तिने चारचौघांत छातीठोकपणे सांगूनही टाकलं होतं.

गाठ सोडवायचं काम स्वातीकडे आलं. आईबाप ऊसतोडीला जाणारे, ही घरातली पहिलीच शिकलेली. तिने ती दुमड मोडली, आणि प्रथिन बनायचंच थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. गाठ म्हणजे अडथळा नव्हताच. यंत्र टोकाकडून न येता थेट त्या गाठीलाच धरून नाडीवर बसत होतं. मॅडमना खोटं कसं पाडायचं, या धास्तीने पोरगी सगळं सोडून गावी परत जायला निघाली होती. शेवटी धीर करून तिने वही ताईपुढे ठेवली, "मॅडम, माझंच चुकलं असंल." ताईने प्रयोग स्वतः करून पाहिला. मग सगळ्या विभागासमोर उभी राहून म्हणाली, "मी चुकले. स्वाती बरोबर आहे." हे ऐकलं तेव्हा मला ताईचा फार अभिमान वाटला, आणि खरं सांगते, स्वातीचा हेवाही. आमच्या घरात 'मी चुकले' हे तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

शेवटचे दिवस ताई माझ्याकडेच होती. बोटांत जोर उरला नव्हता. अंघोळ झाल्यावर तिच्या परकराची नाडी मी बांधत होते, ती माझ्या हातांकडे बघत होती...

"पिन गाठीलाच घट्ट धरते गं," ती म्हणाली. "उगीच वरडले तुझ्यावर."

"गप. पण अडायची की गाठ."

"व्हय," ती हसली. "ते तर हायच."

परवा शिलाई मशीनवरून उठून नवीन परकराला नाडी ओवायला घेतली. सवयीने आधी गाठ मारली. नेफ्याच्या तोंडाशी ती अडली, आणि कुणी ओरडतंय का म्हणून मी पिन तशीच धरून बसून राहिले...